रंगीत चित्र म्हणजे उत्तर नव्हे

"हाताने गणितं कशाला करायची, सॉफ्टवेअर आहे ना?" हे वाक्य हल्ली इंजिनिअर मंडळींकडूनच इतक्यांदा ऐकायला मिळतं, की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू.

उदाहरण घ्या. एका टोकाला घट्ट धरलेली सिलिकॉनची पट्टी, म्हणजे आपला कँटिलिव्हर बीम. लांबी १०० मायक्रॉन, जाडी फक्त १ मायक्रॉन. १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप मांडला. आज त्या यंत्राचा जीव असल्याच पट्टीत असतो. ती किती वेगाने थरथरेल? ऑयलर-बर्नुलीचं सूत्र आपण सगळ्यांनीच कधीतरी पाठ केलंय. जाडी भागिले लांबीचा वर्ग, गुणिले पदार्थातला ध्वनीचा वेग (सिलिकॉनमध्ये सेकंदाला साधारण ८,५०० मीटर), गुणिले ०.१६. उत्तर सेकंदाला सुमारे १ लाख ३७ हजार कंपनं. बसच्या तिकिटामागे मावणारं गणित! सॉफ्टवेअरही हेच सांगेल, वर लाल-निळं चित्र देईल.

आता हीच पट्टी पाण्यात बुडवा. जिवंत पेशी तपासणारे रोज बुडवतात. कंपनं एकदम मंदावतात, कारण पट्टीला आता आजूबाजूचं पाणीही हलवावं लागतं. पाण्याबद्दल तुम्ही काही सांगितलंच नसेल, तर सॉफ्टवेअर तोच जुना आकडा निमूटपणे देणार. तोही चार दशांश स्थळांपर्यंत!

"अहो, पण सॉफ्टवेअरमध्ये पाणीही घालता येतं की." येतं ना. पण ते घालायला हवं, हे कोण ठरवणार? पुलाच्या तुळईला हवेचं फारसं काही वाटत नाही. पण आकार दहापट लहान केला की वस्तुमान हजारपट घटतं आणि पृष्ठभाग शंभरपटच. म्हणजे पट्टी जितकी चिमुकली, तितकी हवा-पाण्याची दादागिरी जास्त.

ही नुसती पुस्तकी बडबड नाही. २०१८ साली अमेरिकेत, इलिनॉयमधल्या एका हॉस्पिटलात एमआरआय मशीन बसवताना हेलियम गळला आणि तिथले कितीतरी आयफोन बंद पडले. फोनमधल्या घड्याळाला ताल देणारा सिलिकॉनचा कंपक निर्वात डबीत बसवलेला असतो. हेलियमचे अणू इतके बारीक, की त्या डबीतही शिरले. निर्वात गेला, ताल बिघडला, फोन ठप्प. आता बोला!

सॉफ्टवेअरशी माझं भांडण नाही, पोट त्यावरच चालतं. भांडण आहे ते आपल्या शिकण्याशी. सूत्राची सिद्धता लिहिली की मार्क मिळतात, पण ते सूत्र कुठे लागू पडत नाही हे सांगितलं तर कोण मार्क देतं? हाताने मांडताना निदान "हवा नाही, पाणी नाही, टोक अगदी पक्कं" हे स्वतः लिहावं लागतं. बटण दाबताना तेवढंही लिहावं लागत नाही.

तेव्हा आधी कागदावर लिहा, आपण काय काय धरून चाललोय ते. चित्र काय, नंतरही बघता येतं.