कांद्याचा रस, केस आणि पुरावा



केस गळू लागले की सल्ला ठरलेला असतो : कांद्याचा रस लावा. तेलाच्या बाटलीवरही 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' असं छापलेलं असतं. हे साफ खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. असं अर्धं खरं तपासायचं कसं, हे आपण मुलांना शिकवलंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कांद्यावर खरोखर एक प्रयोग झाला आहे. बगदादच्या डॉक्टरांनी तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. २३ रुग्णांनी दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला, तर १५ जणांनी नुसतं नळाचं पाणी. सहा आठवड्यांत रस लावणाऱ्यांपैकी २० जणांना केस आले. पाणी लावणाऱ्यांत फक्त दोघांना. निकाल चांगलाच म्हणायचा! पण हे सारे रुग्ण चाईचे होते, म्हणजे गोल चट्टे पडून केस जातात त्या आजाराचे. वडिलांसारखं हळूहळू पडणारं टक्कल वेगळं. त्याची इथे परीक्षाच झाली नाही. शिवाय रुग्ण मोजके. आणि कांद्याचा वास थोडाच लपतो? आपल्याला काय लावलंय हे ज्याला त्याला कळणारच.

माक्याचंही तसंच. त्याच्या अर्काने उंदरांचे केस लवकर उगवले, असे प्रयोग झाले आहेत. पण उंदराची पाठ म्हणजे माणसाचं डोकं नव्हे.

आता वर्गात एक प्रश्न विचारून बघा : त्या प्रयोगात पाणी लावणारे १५ जण कशाला हवे होते? उत्तर साधं आहे. काही केस आपले आपणच परत येतात. टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस खूप गळतात आणि पुढे काही महिन्यांत बहुतेकांचे पुन्हा भरतात. तोवर आपण तेल बदललेलं असतं, मग श्रेय जातं तेलाला!

म्हणून कुठल्याही दाव्याला तीन प्रश्न विचारायला लावा. प्रयोग कोणावर केला? कोणत्या प्रकारच्या केसगळतीवर? आणि तुलना कशाशी केली?

हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. लहान मुलाच्या डोक्यावर चट्टा पडला तर ते गजकर्णही असू शकतं. त्याला पोटातून औषध लागतं, ते संसर्गाने इतर मुलांना होतं आणि दुर्लक्ष झालं तर कधी कधी तिथले केस कायमचे जातात. अशा वेळी रस चोळत महिना घालवणं महागात पडतं. मुलींचे केस गळतात तेव्हा अनेकदा मुळाशी रक्तातलं लोह कमी असतं किंवा थायरॉईडची तक्रार असते. त्याचं निदान तपासणीतूनच होतं.

आजीच्या बटव्याला नावं ठेवू नका. पण त्यातल्या औषधालाही प्रश्न विचारायची सवय मुलांना लावा. विज्ञानाचा खरा धडा तोच आहे.