संगणक-कट्टा : कार्ड आपले, जागा राखीव

चोआ चू कांगच्या एका सभासदांनी जुना सर्व्हर स्वस्तात घेतला. त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन चालवायची, एकीत घरचे सगळे फोटो ठेवायचे आणि नेटवर्क कार्ड सरळ तिच्याच हवाली करायचे, असा बेत. लिनक्सने साफ नकार दिला: राखीव मेमरीमुळे हे कार्ड देता येत नाही, कंपनीला विचारा. ही तपासणीच काढून टाकणारा पॅच मिळतो. तो लावावा का, असे त्यांनी आम्हांला विचारले आहे.

लावू नये, असे आमचे मत.

कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिते. ते भलतीकडे लिहू नये म्हणून इंटेलच्या यंत्रांत व्हीटी-डी हा पहारेकरी असतो. कार्डाने सांगितलेला पत्ता तो त्या व्हर्च्युअल मशीनच्या खऱ्या जागेत बदलून देतो. पण काही सर्व्हरचे बायोस आधीच बजावून ठेवते, की मेमरीचा अमुक पट्टा या कार्डासाठी राखीव, तिथला पत्ता बदलायचा नाही. यालाच आरएमआरआर म्हणतात. तापमानासारखी माहिती कार्ड तिथे परस्पर लिहीत राहते.

आपल्या एचडीबी फ्लॅटमधले शेल्टर आठवा. १९९७ च्या कायद्याने आलेली खोली. फ्लॅट भाड्याने दिला तरी तिच्या भिंती फोडायची मुभा भाडेकरूला नाही. इथे तर भाडेकरूला शेल्टर आहे हेच ठाऊक नसते! व्हर्च्युअल मशीन तोच पत्ता आपला समजून तिथे फोटो ठेवते आणि कार्ड त्यावर आपले आकडे लिहून जाते. फाइल बिघडल्याचे लगेच कळतही नाही.

म्हणून २०१४ साली ॲलेक्स विल्यमसन यांनी लिनक्समध्ये ही बंदी घातली. यूएसबीला तेव्हाच सूट दिली, ग्राफिक्सला पुढे २०१५ मध्ये मिळाली. झेनने २०१५ च्या ४.६ आवृत्तीत निराळी वाट काढली: व्हर्च्युअल मशीनच्या नकाशातच तेवढी जागा मोकळी सोडायची. आम्हांला ही अधिक पटते.

सभासदांनी आधी पाहावे, की त्या स्लॉटपुरती ही राखीव सोय बंद करण्याची सेटिंग कंपनीने दिली आहे का. नसल्यास कार्ड मूळ यंत्राकडेच ठेवून व्हर्टआयओ आणि ब्रिजने काम चालवावे. वेग थोडा कमी पडतो, पण घरच्या वापरात जाणवत नाही.

जुना सर्व्हर घेणाऱ्यांनी पैसे मोजण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करावे, व्हीटी-डी सुरू ठेवून, आणि सुरुवातीच्या नोंदींत आरएमआरआरच्या ओळी पाहाव्यात. एखाद-दुसरी ओळ यूएसबी वा ग्राफिक्सची असू शकते. लांबलचक यादी निघाली, तर विक्रेत्याला नमस्कार करून निघावे.