विद्वन्मंडळें आणि शोधनिबंधांचें मूल्य

आपल्या मुलानें शाळेच्या ह्या वार्षिकांत लेख लिहावा, गुरुजींनीं तो विनावेतन तपासावा, आणि मग तोच लेख वाचावयास पालकांकडून जबर मूल्य घ्यावें, तर पालक काय म्हणतील? संगणकशास्त्रांतील शोधनिबंधांची कित्येक वर्षें हीच तऱ्हा होती.

ह्या शास्त्राच्या उपासकांनीं सन १९४७ मध्यें न्यूयॉर्क येथें 'असोसिएशन फॉर कम्प्यूटिंग मशिनरी' हें मंडळ स्थापिलें. त्या वेळीं यंत्रें थोडीं व तीं जाणणारे त्याहून थोडे. एकास सुचलेली युक्ति दुसऱ्यास कळावी हा मूळ हेतु. मंडळाच्या १९५८ सालीं निघालेल्या नियतकालिकांतच टोनी होअर यांची क्रम लावण्याची शीघ्र रीति १९६१ त प्रसिद्ध झाली, आणि माहिती कोष्टकांच्या रूपानें कशी सांठवावी हें एडगर कॉड यांनीं १९७० त तेथेंच दाखविलें. मंडळाचे हे उपकार आम्ही विसरलों नाहीं. परंतु लेखक व परीक्षक दोघेही फुकट राबत असतां ग्रंथालयांनीं भारी वर्गणी कां भरावी? तिच्यावर मंडळाचीं इतर कामें चालतात, असें उत्तर मिळे. तें खोटें नव्हे; पण अपुरें खास!

सन २००१ मध्यें 'मशीन लर्निंग' ह्या व्यापारी प्रकाशकाच्या नियतकालिकाच्या संपादकमंडळांतील चाळीस जणांनीं राजीनामे दिले व सर्वांस मोफत अशा नव्या नियतकालिकाची कांस धरली. 'यूझनिक्स' मंडळानें २००८ सालीं आपल्या परिषदांचे निबंध खुले केले. थोरल्या मंडळानें २०२२ त सन २००० पर्यंतचा संग्रह खुला केला, आणि सर्व निबंध खुले होण्यास २०२६ चा जानेवारी उजाडावा लागला. उशिरां कां होईना, झालें हें बरें झालें.

मात्र खर्च नाहींसा झालेला नाहीं. वाचकाच्या माथ्यावरचें ओझें लेखकाच्या माथ्यावर आलें, इतकेंच. ज्याच्या संस्थेनें मंडळाशीं करार केलेला नाहीं, त्यास निबंध छापण्याचें शुल्क पडतें. गरीब देशांस सवलती आहेत. तरी आपल्याकडील लहानशा कॉलेजांतील अध्यापकास वाचनाचें दार उघडून लेखनाचें दार अर्धें लोटून घेतलें जावें, हें आम्हांस मान्य नाहीं. ह्या मंडळाचे पदाधिकारी सभासदांच्या मतांनीं निवडले जातात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें ह्या शास्त्राकडे वळतील, त्यांनीं मत देण्यापूर्वीं उमेदवारास एवढें अवश्य विचारावें कीं, ज्याच्या पदरीं पैसा नाहीं त्याचा निबंध तुम्ही कसा छापणार?