मालिकेतली इस्टेट आणि आपला सातबारा

श्रीमंतांच्या घरातली भांडणं बघायला माणसाला आवडतात, हे एकदा मोकळेपणाने मान्य करायला हवं. गावात मात्र कोणी पुरुष ते मान्य करत नाही. संध्याकाळी कोणाच्याही ओसरीवर जा. घरधनी टीव्हीकडे पाठ करून बसलेला, हातात पेपर नाहीतर मोबाईल. विचारलं तर म्हणणार, "बायकांचं चाललंय, आपल्याला काय त्यातलं कळतंय!" पण थोरल्या सुनेने कपाटातून मृत्युपत्र काढलं की याची मान आपोआप वळते. दुसऱ्या दिवशी पारावर कोणाच्या सह्या कोणी घेतल्या आणि कारखाना कोणाच्या नावावर गेला, हे त्याला तोंडपाठ असतं. मी स्वतः या मालिका बघतो. कृषी खात्याच्या माणसाने त्या बघू नयेत असा शासन निर्णय अजून तरी माझ्या वाचनात आलेला नाही.

ही गोडी आजची नव्हे. जुलै २००० मध्ये स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली तेव्हा आम्ही शाळेत होतो. पुजाऱ्याची मुलगी तुलसी विराणींच्या बड्या घरात सून म्हणून येते, तिथून जे रामायण सुरू झालं ते नोव्हेंबर २००८ पर्यंत, अठराशेच्या वर भाग. तुलसीचा नवरा मिहीर मेला असं दाखवलं, तर लोकांनी इतका गहजब केला की त्याला परत जिवंत करून आणावं लागलं. मराठीत ई टीव्हीवर 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये लागली ती २०१३ उजाडेपर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. रोहिणी हट्टंगडींनी केलेली त्यातली देशमुखांच्या घरची सासू आपल्याकडच्या कित्येक घरांत नात्यातल्या बाईसारखी ओळखीची होती. त्या काळी लोडशेडिंग एवढं, की भाग बुडाला तर शेजारच्या गावातल्या पाहुण्याला फोन करून "काय झालं रे?" विचारणारे लोक मी पाहिले आहेत. आणि 'क्योंकि' जुलै २०२५ मध्ये पुन्हा नव्याने सुरू झाली, तेव्हा पंचवीस वर्षांपूर्वी सुना म्हणून ती बघणाऱ्या बाया आता सासवा होऊन बघायला बसल्या.

बरं, हा नाद फक्त आपल्यालाच आहे असंही नाही. अमेरिकेत १९७८ पासून १९९१ पर्यंत 'डलास' नावाची मालिका चालली. टेक्सासमधलं तेलवाल्यांचं यूइंग घराणं, त्यांचं मोठं रान, आणि भावाभावांची हाणामारी. १९८० साली थोरल्या भावाला, जे. आर.ला, कोणी गोळी घातली हे कळायला लोक महिनोन्‌महिने वाट बघत होते. आणि सगळ्यात जुनं उदाहरण तर आपलंच. १९८८ ते १९९० दर रविवारी सकाळी ज्या महाभारतासाठी गावंच्या गावं ओस पडायची, ते शेवटी काय आहे? राजघराण्यातला वाटणीचा दावा. सुईच्या टोकावर मावेल एवढीही माती द्यायची नाही म्हणून पुढचं सगळं घडलं.

काही जाणती मंडळी म्हणतात की या मालिकांनी घरं फोडली. मला ते पटत नाही. भाऊबंदकी हा शब्द टीव्हीच्या कितीतरी आधीचा आहे. बांध कोरणं, विहिरीची पाळी चुकवणं, मधल्या भावाला मुरमाड तुकडा देणं, हे शिकायला आपल्याला कोणत्या वाहिनीची गरज पडली नाही. मालिकेचं काम वेगळंच आहे. आपल्यापेक्षा दहापट श्रीमंत माणसालाही रात्री झोप लागत नाही, हे बघून आपल्या उशीखालचा खडा जरा कमी टोचतो. बंगला आहे, चार गाड्या आहेत, तरी दोन भाऊ एका ताटात जेवत नाहीत, म्हणजे आपलंच काही वाईट चाललेलं नाही, एवढं समाधान तासाभरात फुकट मिळतं. यात गैर काही नाही. दिवसभर सोयाबीनमध्ये वाकून आलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे.

गंमत एवढीच वाटते की या घराण्यांत काम करताना कोणी दिसत नाही. मोठा उद्योगसमूह असतो, पण तिथे नेमकं काय तयार होतं ते वर्षानुवर्षं कळत नाही. फायली असतात, आणि त्या फक्त सह्यांपुरत्या. रात्री कोऱ्या कागदावर सही घेतली की सकाळी इस्टेट गेली! एका शेतीशाळेत बीजप्रक्रियेचं सांगून झाल्यावर एका मावशींनी मला विचारलं, "साहेब, खरंच अशी जाते का हो जमीन?" मी सांगितलं, जात नाही. सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर फेरफाराची नोंद व्हावी लागते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मावशी म्हणाल्या, "मग माझं नाव कसं गेलं?"

त्यांचं नाव गेलं होतं ते हक्कसोडपत्राने. कोऱ्या कागदावर नव्हे, चांगलं छापील, वाचून दाखवलेलं, दुय्यम निबंधकापुढे फोटो आणि अंगठा घेऊन रीतसर नोंदलेलं.

खरा मुद्दा इथे आहे. मालिकेतल्या खलनायकाने नणंदेची सही घेतली की अख्खं घर हळहळतं. त्याच घरात पुढच्या आठवड्यात बहिणीला सासरहून बोलावणं जातं. जेवण होतं, साडीचोळी होते आणि मग गाडी तालुक्याला निघते. "तुझं माहेर तुटायला नको ना," एवढं एक वाक्य पुरतं. त्यावेळी पार्श्वसंगीत वाजत नाही, म्हणून ते आपल्याला नाटक वाटत नाही इतकंच. बहीण आपखुशीने हक्क सोडते तेव्हा कोणी हरकत घ्यायचं कारण नाही, कायदा तिला ती मुभा देतो. पण आपण काय सोडतोय, किती गुंठे, विहिरीत किती आणे हिस्सा, हे तिला सही करायच्या आधी कितीजण सांगतात? एकदा नोंदणी झाल्यावर ते कागद मागे घेणं सोपं नसतं. त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते.

कायदा काय आहे तेही सांगतो, कारण पारावर याबद्दल फार गैरसमज आहेत. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने धरलं, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही लग्नाची अटही राहिली नाही. तरी "वडील २००५ च्या आधी वारले, आता हक्क नाही" असं सांगून बहिणींना परत पाठवलं जायचं. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तोही प्रश्न मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर झालेल्या वाटण्या पुन्हा उकरता येत नाहीत. मालिकेतले वकील पंधरा वर्षांत एकदाही एवढं सरळ बोललेले मी ऐकले नाहीत.

यात कृषी खात्याचा काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध रोजचा आहे. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर राहिली. एवढ्याशा रानावर आजोबांचं नाव अजून तसंच, खाली सात वारस, त्यातले दोन पुण्याला, एकीशी बोलणं बंद. ठिबकचा अर्ज घेऊन माणूस माझ्याकडे येतो. सामाईक खातं म्हटलं की बाकीच्यांचं संमतीपत्र आलं. ते मिळत नाही, अर्ज पडून राहतो, पाणी पाटाने द्यावं लागतं. विहीर एक, हिस्सेदार चार, मोटार कोणी दुरुस्त करायची यावर ऐन फुलोऱ्यात हरभरा वाळलेला मी पाहिला आहे. चौघेही रात्री आपापल्या घरी एकच मालिका बघत होते, यात शंका नाही.

मालिकावाल्यांना भांडण मिटून चालत नाही, मिटलं तर जाहिराती कुठे लावणार? म्हणून तिथे दर वेळी नवी सही, नवा वारस, मेलेला माणूस परत. आपल्याकडे मेलेला माणूस परत येत नाही, तो सातबाऱ्यावर तसाच बसून राहतो. २०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याचसाठी, मयत खातेदारांची नावं कमी करून वारस लावायला. खरं तर मोहिमेची वाट बघायचं कारण नाही. वारसाची खबर तीन महिन्यांत द्यायची हे महसूल कायद्यातच आहे, आणि आता ती ई-हक्कवर घरबसल्याही देता येते. सगळ्या हिस्सेदारांचं एकमत असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटणी होते. एकमत कसं करायचं हे मात्र कोणत्याच कलमात लिहिलेलं नाही. ते काम घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि गावातल्या चार शहाण्यांनी करायचं असतं, आणि तेच सगळ्यात अवघड आहे हे मलाही कळतं.

सरपंच, तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक यांना माझी एक विनंती आहे. चावडी वाचन ठेवाल तेव्हा सासरी असलेल्या लेकींनाही निरोप जाऊ द्या. सातबारा आणि आठ-अ मोठ्याने, नावानिशी वाचा. कोणाचं नाव कोणत्या फेरफाराने कमी झालं, तो क्रमांकही वाचा. आणि वेळ दुपारी चारची ठेवा. सातनंतर ठेवली तर बाया येणार नाहीत. पुरुष येतील, पण त्यांचं लक्ष घराकडे असेल.