शिपाई, शिक्षक आणि गृहस्थ

थोरांच्या चरित्रांतील एकच प्रसंग उचलून तेवढाच मुलांपुढें ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. शूराची एक लढाई, दात्याची एक देणगी, विद्वानाचा एक ग्रंथ. तेवढ्यावर धडा संपतो आणि परीक्षेंत प्रश्नहि तेवढाच येतो. या रीतीनें पाठांतराची सोय होते हें खरें. परंतु पंचाऐंशी वर्षें जगलेल्या मनुष्यास एका दुपारींत कोंडून ठेवणें हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि तो आपल्यावरहि आहे, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतील जनरल जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन यांच्या वांट्यास हा अन्याय पुरेपूर आला आहे. ता. २ जुलै १८६३ रोजीं गेटिसबर्गच्या रणांगणावर त्यांनीं एक टेकडी राखली, एवढेंच बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु ते त्यापूर्वीं प्राध्यापक होते, नंतर प्रांताचे गव्हर्नर झाले, बारा वर्षें एका कॉलेजाचे अध्यक्ष होते, आणि पन्नास वर्षांच्या आसपास त्यांनीं संसार केला. या सर्व ठिकाणीं त्यांस यश आलें, आणि ठेंचहि लागली. आम्हांस त्यांच्या यशाइतकीच त्यांची ठेंच बोधप्रद वाटते. म्हणून हा लेख.

चेंबरलेन यांचा जन्म ता. ८ सप्टेंबर १८२८ रोजीं मेन प्रांतांतील ब्रूअर या गांवीं शेतकरी कुटुंबांत झाला. वडील शिस्तीचे. एकदां गवताची गाडी दोन खुंटांमध्यें अडकली असतां त्यांनीं मुलास चाक सोडविण्यास सांगितलें. कसें सोडवूं, असें मुलानें विचारतांच, कर म्हणजे होईल, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. आणि मुलानें खरोखरच चाक सोडविलें. हा मुलगा बोलतांना अडखळत असे. कांहीं अक्षरें त्याच्या ओठांवर येऊन थबकत. त्यानें प्रयत्नानें त्या अडखळण्यावर मात केली, माळ्यावर बसून स्वतःच्या बळावर ग्रीक भाषेचा अभ्यास केला, आणि बोडन कॉलेजांत प्रवेश मिळविला. पुढें तोच मुलगा त्याच कॉलेजांत वक्तृत्वाचा प्राध्यापक झाला! ज्या विद्यार्थ्यांस वर्गांत उभें राहून बोलण्याची भीति वाटते, त्यांनीं ही एक गोष्ट मनांत धरून ठेवावी.

मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी आईची इच्छा होती, तर सैनिकी शिक्षण घ्यावें अशी वडिलांची. त्यानें बँगोर येथें धर्मशास्त्राचें शिक्षण पुरें केलें, आणि नंतर अध्यापनाचा मार्ग धरला. १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. प्राध्यापकांनीं सैन्यांत जाऊं नये असें कॉलेजाचें मत होतें. १८६२ सालीं त्यांस युरोपांत जाऊन अभ्यास करण्यासाठीं रजा मिळाली. तेव्हां ते युरोपास न जातां थेट गव्हर्नराकडे गेले आणि सैन्यांत दाखल झाले. कर्नलाची जागा देऊं केली असतां, आपणांस हें काम अजून शिकावयाचें आहे असें सांगून त्यांनीं त्याखालची जागा घेतली. शिक्षकानें विद्यार्थी होण्यास लाजूं नये, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

आतां आम्ही त्या प्रसंगाकडे वळतों, जो आमच्या मतें टेकडीवरील लढाईहून मोठा आहे. मे १८६३ मध्यें दुसऱ्या एका पलटणीचे सुमारें १२० शिपाई पहाऱ्यांत त्यांच्या स्वाधीन करण्यांत आले. या शिपायांच्या सोबत्यांची मुदत संपून ते घरीं गेले होते. परंतु यांनीं तीन वर्षांच्या कागदावर सही केली असल्यामुळें यांस थांबविण्यांत आलें. आपणांस फसविलें, असें म्हणून त्यांनीं काम करण्याचें नाकारलें. ते उपाशी होते आणि संतापलेले होते. त्यांच्याकडून काम करवून घ्यावें, न ऐकल्यास गोळ्या घालाव्या, असा अधिकार चेंबरलेन यांस मिळाला होता. त्यांनीं काय केलें? वरिष्ठांकडून आपल्या रीतीनें वागण्याची परवानगी मिळविली, पहारा दूर केला, प्रथम त्या माणसांस पोटभर खाऊं घातलें, मग त्यांचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें, आणि त्यांच्या तक्रारीविषयीं गव्हर्नरास लिहिलें. कांहीं थोडे वगळतां सर्वांनीं पुन्हां बंदुका उचलल्या. सुमारें सव्वा महिन्यानें, गेटिसबर्गच्या टेकडीवर सैन्याच्या अगदीं डाव्या टोकास हीच माणसें त्यांच्या शेजारीं उभीं होतीं. दारूगोळा संपला तेव्हां संगिनी लावून उतारावरून खालीं धांव घेणाऱ्या पलटणींत तीं होतीं. तीं नसतीं तर टेकडी राहिली असती कीं नाहीं, कोणी सांगावें!

ता. १८ जून १८६४ रोजीं पीटर्सबर्ग येथें एक गोळी त्यांच्या दोन्ही मांड्यांच्या सांध्यांतून आरपार गेली. वैद्यांनीं आशा सोडली. त्यांनीं पेन्सिलीनें पत्नीस निरोपाचें पत्र लिहिलें. वर्तमानपत्रांनीं मृत्यूची बातमीहि छापली. परंतु ते वांचले, आणि कांहीं महिन्यांनीं पुन्हां रणांगणावर आले. ता. १२ एप्रिल १८६५ रोजीं अ‍ॅपोमॅटॉक्स येथें पराभूत दक्षिणेकडील सैन्यानें शस्त्रें खालीं ठेवलीं, तेव्हां तो समारंभ स्वीकारण्याचें काम त्यांजकडे आलें. जेत्यांनीं वाद्यें वाजवून जल्लोष केला असता तर त्यांत नवल नव्हतें. चेंबरलेन यांनीं आपल्या शिपायांस पराभूतांना लष्करी मानवंदना देण्यास सांगितलें. उत्तरेंत कांहींनीं याबद्दल त्यांस नांवें ठेवलीं. त्यांस त्याचा पश्चात्ताप झाला नाहीं.

युद्धानंतर ते चार वेळां, प्रत्येक खेपेस एका वर्षासाठीं, मेन प्रांताचे गव्हर्नर निवडून आले, आणि १८७१ सालीं आपल्या जुन्या कॉलेजाचे अध्यक्ष झाले. त्यांनीं शास्त्रीय शिक्षणाची नवी शाखा काढली. गणित व भौतिक शास्त्रें सोडल्यास बहुतेक प्रत्येक विषय त्यांनीं केव्हांना केव्हां शिकविला. अशा मनुष्याच्या हातून विद्यार्थ्यांच्या बाबतींत चूक कशी झाली, हें आतां पाहावयाचें आहे.

१८७२ सालीं त्यांनीं कॉलेजांत लष्करी कवाईत सुरूं केली. हेतु वाईट नव्हता. कवाईत न शिकलेले तरुण रणांगणावर कसे मरतात, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. परंतु विद्यार्थ्यांस कवाईतीचा कंटाळा आला, पोशाखाचा खर्च जड वाटूं लागला, आणि अभ्यासाचा वेळ जाऊं लागला. १८७३ च्या हिंवाळ्यापूर्वीं बहुतेक सर्व विद्यार्थ्यांनीं सह्या करून कवाईत बंद करण्याविषयीं अर्ज दिला. अर्जाचा उपयोग झाला नाहीं. मे १८७४ मध्यें एकामागून एक वर्गांनीं कवाईतीस उभें राहण्याचें नाकारलें. तेव्हां चेंबरलेन यांनीं विद्यार्थ्यांस घरीं धाडलें आणि प्रत्येकाच्या वडिलांस पत्र लिहिलें, कीं दहा दिवसांत मुलानें नियम पाळण्याचें वचन द्यावें, नाहीं तर त्याचें नांव काढलें जाईल. तिघांखेरीज सर्व परतले. शिस्त जिंकली, असें वरवर पाहणारा म्हणेल. पण लौकरच कवाईत ऐच्छिक करावी लागली, आणि १८८२ सालीं ती अजीबात बंद झाली.

अकरा वर्षांपूर्वीं १२० बंडखोर शिपायांस ज्यांनीं अन्न देऊन व ऐकून घेऊन आपलेंसें केलें, त्यांनींच आपल्या मुलांसारख्या विद्यार्थ्यांचा अर्ज बाजूस कां पडूं दिला? आमचें उत्तर असें आहे कीं, शिपायांकडे ते अनोळखी म्हणून गेले आणि विद्यार्थ्यांकडे वडीलधारे म्हणून. अनोळखी मनुष्याचें मन आपण विचारून घेतों. घरच्या मुलाचें मन आपणांस ठाऊकच आहे, असें आपण धरून चालतों. ही चूक केवळ चेंबरलेन यांची नाहीं. ती आपल्या प्रत्येक घरांत आणि प्रत्येक शाळेंत रोज घडते. दुकानांतील गिऱ्हाईकाचें म्हणणें शांतपणें ऐकणारा बाप संध्याकाळीं मुलाचें अर्धें वाक्य तोडतो, आणि त्यास शिस्त म्हणतो.

कोणी म्हणेल, मग शिस्त नकोच काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. कवाईत चांगली, आपल्या देशांत १९४८ पासून राष्ट्रीय छात्रसेना आहे आणि तींत आपखुषीनें जाणारे विद्यार्थी त्यापासून पुष्कळ मिळवितात. भेद त्या आपखुषी या शब्दांत आहे. विद्यार्थ्यांसहि आमचें एक सांगणें आहे. बोडनच्या मुलांनीं आधीं अर्ज केला, सह्या केल्या, कारणें दिलीं, आणि मग नकार दिला. जो विद्यार्थी कारण न सांगतां केवळ रुसून बसतो, त्यानें त्यांचा दाखला देऊं नये.

चेंबरलेन यांची हातोटी मात्र कायमची हरपली नव्हती. जानेवारी १८८० मध्यें निवडणुकीच्या तंट्यावरून ऑगस्टा येथें दोन्ही पक्षांचे सशस्त्र लोक जमले. बारा दिवस शांतता राखण्याचा भार चेंबरलेन यांजवर होता. त्यांनीं सैन्य बोलाविण्याचें टाळलें, शहरच्या पोलिसांवर भिस्त ठेवली, जमावापुढें स्वतः उभे राहिले, आणि कोणत्याहि पक्षाची बाजू घेतली नाहीं. दोन्ही पक्ष त्यांजवर रागावले. पण रक्त सांडलें नाहीं.

घराविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून हें चित्र पुरें होणार नाहीं. १८५५ सालीं त्यांचा विवाह फॅनी अ‍ॅडम्स यांच्याशीं झाला. पांच मुलांपैकीं तीन अगदीं तान्हेपणींच गेलीं. ग्रेस आणि हॅरल्ड हीं दोघें वाढलीं. युद्ध, कधीं न भरलेली जखम आणि सार्वजनिक कामें यांचा ताण संसारावर पडला. १८६८ च्या सुमारास पत्नीच्या तक्रारी लोकांच्या कानांवर गेल्या होत्या, आणि दोघांनीं वेगळें व्हावें कीं काय, इथवर गोष्ट आली होती, हें त्यांच्याच पत्रावरून दिसतें. थोर मनुष्याच्या चरित्रांतून असें पान फाडून टाकूं नये. तें पान असूनहि तीं दोघें एकत्र राहिलीं. पुढें फॅनीबाईंची दृष्टि मंदावत जाऊन शेवटीं अजीबात गेली; १९०५ सालीं त्या वारल्या. मुलीच्या मुली आजोबांस ‘जेनी’ म्हणत. जनरल या भारदस्त पदवीचें त्यांनीं केलेलें तें लाडकें रूप होतें. शत्रूच्या गोळीपुढें न वांकलेला मनुष्य त्या हांकेसरशीं वांकत असे, यांत आम्हांस संशय नाहीं.

ता. २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं पोर्टलंड येथें, वयाच्या ८५ व्या वर्षीं, पन्नास वर्षांपूर्वींची तीच जखम चिघळून त्यांचा अंत झाला. इतकीं वर्षें ती जखम अंगावर वागवीत त्यांनीं राज्य चालविलें, वर्ग शिकविले आणि संसार केला. टेकडीवरील धैर्य एका दुपारचें होतें. हें धैर्य रोजचें होतें.

पालकहो, मुलांस गेटिसबर्गची गोष्ट अवश्य सांगा. पण त्या १२० उपाशी शिपायांची गोष्ट तिच्या आधीं सांगा, आणि १८७३ च्या त्या अर्जाची गोष्ट स्वतःस सांगा. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकीं कोणी पुढें शिपाई होईल, कोणी शिक्षक, आणि बहुतेक सर्व गृहस्थ व गृहिणी होतील. कोणाचें तरी गाऱ्हाणें ऐकण्याची पाळी त्या वेळीं तुमच्यावर येईल. तेव्हां आधीं भाकरी पुढें करावी, मग कान द्यावा, आणि हुकूम सर्वांच्या शेवटीं ठेवावा.