टक्के कशाचे?

इतिहास हा माझा विषय. गणिताच्या वर्गावर मी जातो तो बदली तासापुरता. तरीही या स्मरणिकेत गणितावर लिहावेसे वाटले, त्याला प्राथमिक विभागातील असाच एक तास कारण झाला. घनफळाचे सूत्र साऱ्या वर्गाला तोंडपाठ होते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, असा एकच गजर झाला. ‘मग वसतिगृहामागच्या टाकीत पाणी किती मावते?’ असे विचारताच वर्ग गप्प झाला.

मोजपट्टी घेऊन आम्ही बाहेर पडलो. लांबी 3 मीटर, रुंदी 2 मीटर, उंची दीड मीटर. म्हणजे 9 घनमीटर. एका घनमीटरला हजार लिटर, म्हणून 9,000 लिटर. मी समाधानाने वही मिटणार, तोच एक मुलगी म्हणाली, ‘सर, एवढे पाणी आपल्याला मिळत नाही. नळ तळाला नाही, अर्धी पट्टी वर आहे.’ पुन्हा माप घेतले. तळापासून नळापर्यंत 15 सेंटिमीटर. म्हणजे 900 लिटर पाणी नळाला कधी येतच नाही.

उजनी धरणाची गोष्ट नेमकी हीच आहे. उन्हाळ्यात ‘उजनी उणे’ अशी बातमी आपण वाचतो. 2024 साली हा आकडा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला. शून्याच्या खाली पाणी कसे असेल, हा प्रश्न किती घरांत विचारला गेला? उजनीची क्षमता सुमारे 117 टीएमसी. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एका टीएमसीत सुमारे 2,832 कोटी लिटर पाणी. या 117 पैकी जवळजवळ 64 टीएमसी मृतसाठा आणि उरलेला सुमारे 53.5 टीएमसी उपयुक्त साठा. वर्तमानपत्रातील टक्केवारी या उपयुक्त साठ्याची असते. म्हणून शून्य टक्के असतानाही धरण निम्म्याहून अधिक भरलेले असते, आणि उणे साठ म्हणजे 31-32 टीएमसी शिल्लक असते. अर्थात तळाचा गाळही त्या हिशेबातच आला. हे ज्याला उमगत नाही, तो एक तर उगाच घाबरतो, नाहीतर ‘शंभर टक्के’ वाचून निर्धास्त नळ सोडून ठेवतो.

आकड्याला उलट प्रश्न विचारणे आपल्या चळवळीला नवे नाही. 1918 साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. नुसत्या एकरांवरून जमीन परवडणारी की न परवडणारी हे ठरत नाही. तिच्यावर राबणारे हात किती आणि भांडवल किती, हे पाहावे लागते, असे त्यांनी मांडले. आकडे तेच, अर्थ निराळा.

महाडचेही तसेच. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923 साली संमत झाला आणि 1924 साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तेव्हा कोणी पाणवठ्यांचा तक्ता केला असता, तर हे तळे ‘सर्वांसाठी खुले’ या रकान्यात गेले असते. प्रत्यक्षात तेथे ओंजळ भरायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. आजही गावाच्या माणशी पाण्याची सरासरी काढतात, तेव्हा वस्तीच्या टोकाचा कोरडा नळ त्या सरासरीत दिसत नाही.

आणि आपण शाळांतून काय करतो? धारकता, घनफळ, स्तंभालेख ही प्रकरणे ‘सोपी’ म्हणून वर्षाच्या शेवटी उरकून टाकतो. मीही एकेकाळी वर्गशिक्षक म्हणून याला मान डोलावली आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 साली याच सोलापुरात वसतिगृह काढले, ते मुलांनी सूत्रे घोकावीत एवढ्यासाठी खचितच नव्हे.

माजी विद्यार्थी शाळेला प्रेमाने भेटी देतात. भिंतीवरची घड्याळे आता पुरेशी झाली आहेत. त्यांतली दोन तर बंदच आहेत. यंदा लिटर-अर्धा लिटरच्या मापांचा संच द्यावा, एक घनफूट मापाचा पत्र्याचा डबा करून द्यावा. आणि दर्शनी फळ्याची एक बाजू उजनीसाठी राखून ठेवावी. दर सोमवारी मुलांनी तेथे साठ्याचा स्तंभ काढावा, आणि तो टक्क्यांत नव्हे, टीएमसीत असावा.