क्रीममधला घटक उसापासून: अहिल्यानगरच्या साखरपट्ट्यात 'उत्प्रेरका'ची चर्चा का?

चेहऱ्याच्या क्रीमच्या डबीवर 'ब्युटिलीन ग्लायकॉल' हे नाव अनेकदा दिसतं. हा घटक प्रामुख्याने खनिज तेलापासून तयार होतो. पण तो उसापासूनही बनतो. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीत सोमय्या समूहाची गोदावरी बायोरिफायनरीज ही कंपनी इथेनॉलपासून अशी रसायनं बनवते.

उत्प्रेरक काय करतो?

उत्प्रेरक म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः त्यात खर्ची न पडणारा पदार्थ. मळी आंबवून इथेनॉल मिळतं. इथेनॉलची वाफ तापलेल्या तांब्याच्या उत्प्रेरकावरून नेली की त्यातला हायड्रोजन सुटतो आणि ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. त्याचे दोन रेणू जोडून त्यात पुन्हा हायड्रोजन मिसळला की ब्युटिलीन ग्लायकॉल हाती येतं.

मग बगॅसचं काय?

इथे गणित अवघड होतं. उसाच्या चिपाडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. आम्लाच्या मदतीने हेमिसेल्युलोजपासून फरफ्युरल मिळतं. ते तंत्र १९२०च्या दशकापासून वापरात आहे. पण लिग्निनचे अवशेष आणि राख उत्प्रेरकावर साचतात आणि तो निकामी होत जातो. शिवाय बगॅस आधीच बॉयलरमध्ये जळतो. त्याच वाफेवर कारखाना चालतो आणि वीजही तयार होते.

हा विषय आत्ताच का?

कारण एकाच ग्राहकावर अवलंबून राहण्याचा धोका समोर आला आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर अचानक बंदी घातली. काही दिवसांत ती शिथिल झाली आणि पुढच्या हंगामासाठी उठलीही. तरी इथेनॉलचा दर आणि खरेदी दिल्लीत ठरते, हे कारखान्यांना कळून चुकलं. रसायनांना बाजारात वेगळे ग्राहक आहेत. अर्थात, तिथे स्पर्धा थेट खनिज तेलाशी आहे.

शेतकऱ्याला काय मिळणार?

खरा प्रश्न हाच आहे. २०२५-२६ साठी उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा, असं सुचवलं होतं. मळीच्या पुढे बनणारी रसायनं त्या हिशेबात नाहीत.

म्हणजे उत्प्रेरकामुळे उसाचं मोल वाढलं, तरी वाढलेलं मोल आपोआप बांधापर्यंत पोहोचणार नाही. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो ऊस पिकवणाऱ्याला नफ्यात वाटा मिळावा म्हणूनच. रसायनं बनवायला लागल्यावर त्या वाट्याचं सूत्र नव्याने लिहावं लागेल.